अकरा हजार ओळी

सोमवारी सकाळी दयानंद पिसेने ऑफिसात आल्या आल्या, पाठीवरची पिशवीही न उतरवता, संगणक सुरू केला, आणि चौदा महिन्यांच्या कामाला साडेचार ओळींचं उत्तर आलेलं पाहिलं. साडेचारच. त्याने त्या मोजल्या. 'दयानंद, मेहनत दिसते आहे, पण हे मी वाचू शकत नाही. लहान तुकडे करून पाठव. एका तुकड्यात एकच गोष्ट, आणि प्रत्येक तुकडा लावल्यावर प्रोग्राम चालत राहिला पाहिजे. एकतीस जानेवारीला या आवृत्तीचं दार बंद होईल. ता. क. तुझ्या पत्राने माझी टपालपेटी भरली आणि दोन दिवस बाकीच्यांची पत्रं परत गेली. त्यात माझ्या बहिणीचंही होतं.' खाली नाव, हेनिंग. बस. दयानंदने ते तीनदा वाचलं. वाचू शकत नाही म्हणजे काय? डोळे नाहीत? त्याला सगळ्यात जास्त लागली ती बहीण. चौदा महिने आपण ऑफिसच्या आधीचे तास, जेवणाची सुटी, रविवारच्या सकाळी, सगळं सगळं त्यात ओतलं, आणि पलीकडच्या गृहस्थाला चिंता कसली, तर बहिणीचं पत्र परत गेलं याची.

स्लेट नावाचा तो प्रोग्राम कुणा कंपनीचा नव्हता. पडद्यावर मजकूर लिहायचा, खोडायचा, वाचायचा, एवढंच त्याचं काम. देशोदेशीचे लोक घरबसल्या तो फुकट वाढवत होते. कुणाला सुधारणा सुचली तर त्याने मूळच्या कुठल्या ओळी काढायच्या आणि कुठल्या नव्या घालायच्या याची यादी करून पाठवायची. त्या यादीला पॅच म्हणत. डेन्मार्कमधला हेनिंग ती वाचायचा, पटली तर आत घ्यायचा, आणि मागे एका फायलीत पाठवणाऱ्याचं नाव लिहायचा. दयानंदला ते नाव हवं होतं. कंपनीत तो नऊ वर्षं दुसऱ्यांच्या देशातल्या विमा कंपन्यांचे प्रोग्राम लिहीत आला होता, आणि त्यातल्या एकाही ओळीवर त्याचं नाव नव्हतं. म्हणून त्याने स्लेटला देवनागरी शिकवायला घेतली. जोडाक्षरं जोडली जातील, वेलांटी अक्षराच्या अलीकडे उभी राहील, रफार डोक्यावर चढेल. कुणाला सांगितलं नाही. उल्काला, म्हणजे बायकोला, एवढंच माहीत होतं की दयाचं 'ते' चाललंय. अर्धवट दाखवायचं नाही हा त्याचा बाणा. झालं की एकदम समोर ठेवायचं, म्हणजे बघणाऱ्याची बोलतीच बंद. तीन जानेवारीच्या शनिवारी ते झालं. अकरा हजार ओळी. त्याने ते सगळ्यांच्या सामाईक टपालयादीवर पाठवलं, तिथल्या यंत्राने 'फार मोठं' म्हणून परत फेकलं, तेव्हा मग थेट हेनिंगच्या पत्त्यावर. आणि आता बोलती बंद झाली होती ती दयानंदची.

शेजारच्या टेबलावरचा कृष्णमूर्ती म्हैसूरचा. तो खुर्चीसकट घसरत आला, चष्मा कपाळावर चढवून पडद्यात डोकावला आणि शांतपणे म्हणाला, "सही बोल रहा है ना, भाई."

"क्या सही? चौदह महीने का काम है."

"वही तो. चौदह महीने तू अकेला था. वो एक दिन में कैसे समझेगा?" मग त्याने बोटांची चिमूट करून दाखवली, जणू मीठ घालायचंय. "स्वल्प स्वल्प भेज. पहले दस लाइन. फिर दस लाइन."

दहा ओळी! दयानंदचं डोकं फिरलं. या कानडी गावात कुणाला काही विचारा, स्वल्प. रिक्षावाला म्हणतो स्वल्प थांबा, दुकानदार म्हणतो स्वल्प जास्त झालं, घरमालकीण म्हणते स्वल्प सांभाळून घ्या. असं चिमूटभर चिमूटभर जगूनच यांचं सगळं चालतं की काय कोण जाणे. दहा ओळींत जोडाक्षर होतं का? 'क्ष' काय अर्धा पाठवायचा? बरं, काम असं गुंतलेलं की अक्षर किती रुंद हे ठरवायचं तर आधी अक्षर म्हणजे काय ते ठरलं पाहिजे, ते ठरवायचं तर मजकूर साठवायची पद्धत बदलली पाहिजे, आणि ती बदलली की खोडायची पद्धत बदललीच. एक ओळ ओढली की मागून शंभर येतात. याचे तुकडे कर म्हणणं सोपं आहे. त्याने हेनिंगला लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात 'तुला या भाषेची कल्पना नाही' असं एक वाक्य घातलं, ते खोडलं, पुन्हा घातलं, आणि जेवणाच्या सुटीपर्यंत तसंच पडद्यावर ठेवून शेवटी सगळंच पुसून टाकलं. संध्याकाळी जे. पी. नगरच्या बसमध्ये उभ्या उभ्या त्याच्या मनात तेच उत्तर पुन्हा लिहिलं जात होतं, आधीपेक्षा मोठं.

घरी उल्काने विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाही." हे 'काही नाही' त्याने नऊ दिवस पुरवलं. दहाव्या दिवशी संक्रांत आली. गंगम्मा, खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, तीळ, गूळ, खोबऱ्याचं ताट देऊन गेल्या, आणि उल्का ते वाटीत काढताना सहज म्हणाली, "निदान आज तरी तोंड गोड कर." एवढंच. त्यावर दयानंद जो सुटला तो सुटलाच. पुण्याहून येताना तिने आणलेले पडदे, जे खिडक्यांना तोकडे पडतात. तिचा भाऊ आला होता तेव्हा पाच दिवस त्याच्याच खुर्चीवर बसला होता. कुकरची रिंग. गेल्या गणपतीत त्याने आरती म्हणताना ती कुणाकडे तरी बघून हसली होती. जयनगरच्या तिच्या ऑफिसातली ती नकाशांची भेंडोळी, जी ती घरी आणून पलंगाखाली सारते. आणि तिने कधी, कधी म्हणजे कधीच, विचारलं नव्हतं की त्याचं 'ते' म्हणजे नेमकं काय. एकेक गोष्ट त्याला तारखेसकट आठवत होती. बोलताना त्याला चक्क अभिमान वाटत होता, की बघ, इतकं सगळं मी मुकाट्याने सोसलं. उल्का हातात वाटी धरून ऐकत राहिली. तो थांबल्यावर म्हणाली, "दया, हे तू मला तेव्हा का नाही सांगितलंस? पडद्याचं पडद्याच्या दिवशी? आता यातल्या कशाला उत्तर देऊ मी? कुठनं सुरुवात करू?" ती चिडलेली नव्हती. खरोखरच तिला कळत नव्हतं कुठून सुरुवात करायची. मग तिने वाटी खाली ठेवली आणि बाहेर गच्चीवर जाऊन उभी राहिली. दयानंद तिळगुळापाशी एकटाच बसला, आणि त्याच्या मनात आलं, असंच काहीतरी आपण नुकतंच कुठेतरी वाचलंय. नंतर त्याला आठवलं कुठे, आणि त्याला हेनिंगचा आणखी राग आला. तो आता घरातही येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी तो सातलाच ऑफिसात गेला आणि तुकडे करायला बसला. दाराला सोळा दिवस उरले होते. पटलं म्हणून नव्हे, दाखवतोच म्हणून. तुझ्या तोंडावर एकतीस तुकडे फेकतो, वाच. त्याने कागदावर यादी केली, एकतीस तुकडे ठरवले, कारण तारीखही एकतीस होती आणि रागाला असला हिशेब बरा वाटतो. पण करायला बसल्यावर कळलं की आपण लिहिलेलं सुटं करणं म्हणजे काय वैताग असतो. जूनमध्ये लिहिलेला एक भाग आणि ऑक्टोबरमध्ये लिहिलेला दुसरा, दोन्ही एकच काम करत होते. ऑक्टोबरमधल्या दयानंदला जूनमधला दयानंद आठवतच नव्हता. एके ठिकाणी तीनशे ओळी अशा सापडल्या की त्या काढल्या काय, ठेवल्या काय, कशालाच फरक पडत नव्हता. त्या त्याने केव्हा आणि का लिहिल्या असतील? त्या महिन्यात बहुतेक उल्काचा भाऊ खुर्चीवर बसला होता. ओळ सोडवायची, तुकडा लावून प्रोग्राम चालवायचा, तो कोसळला की पुन्हा जोडायची, दुसरीकडून सोडवायची. आणि हे असं पुढे वाकून, डोळे बारीक करून, तयार झालेलं काम टाक्या टाक्याने उसवत बसलेलं माणूस आपण पूर्वी पाहिलेलं आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिकडे मन जाऊ द्यायचं नाही म्हणून तो दर तासाला उठून चहा पीत होता.

निपाणीला आप्पाजींचं, म्हणजे दयानंदच्या वडिलांचं, शिवणकामाचं दुकान होतं. कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा चार गावांत कुणी नव्हता. पण कोट शिवायची त्यांची एक रीत होती. कापड बेतायचं, पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालून नुसता उभा करायचा, एकच बाही लावायची, आणि गिऱ्हाइकाला बोलावून तसाच अंगावर चढवायचा. मग खडूने खुणा. दयानंद सांगलीला इंजिनिअरिंगला होता, सुटीत आला की त्याला ते बघवायचं नाही. भर बाजारात, दुकानाच्या फळीवर, भलेभले लोक एका बाहीचा, पांढऱ्या दोऱ्यांचा कोट घालून उभे, रस्त्यावरचे बघून हसतायत. एकोणीस वर्षांच्या वयात बापाचं अर्धवट काम असं चव्हाट्यावर आलेलं सोसत नाही. विश्वासराव वकिलांच्या मुलीचं लग्न होतं, त्यांनी उंची कापड आणून टाकलं, तेव्हा दयानंद म्हणाला होता, "आप्पाजी, एकदम पुरा करून द्या की. ते ट्रायल बियल कशाला? लोक हसतात." आप्पाजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं होतं. "अंगावर चढल्याबिगर खांदा कळत न्हाई, बाळा," ते म्हणाले होते. मग थोड्या वेळाने, "पर तू म्हंतोस तर करू तसं." शिकलेल्या पोराचा शब्द होता. त्यांनी कोट एकदम पुरा केला. काजं, बटणं, अस्तर, इस्त्री, सगळं. असा देखणा कोट त्या दुकानात झाला नव्हता. विश्वासरावांनी अंगात घातला आणि मानेमागे तो टोपलीसारखा उभा राहिला. वर्षानुवर्षं कोर्टाच्या फायली वागवून त्यांचा उजवा खांदा बोटभर खाली आला होता. मापाच्या पट्टीला ते कळलं नव्हतं.

इतकी वर्षं दयानंद ही गोष्ट वेगळीच सांगत आला होता. मित्रांना, उल्कालासुद्धा. त्याच्या गोष्टीत विश्वासराव हे एक माजोरी वकील होते, त्यांनी एका गरीब शिंप्याचं उत्तम काम तोंडावर फेकलं होतं. खरं म्हणजे विश्वासरावांनी काहीच फेकलं नव्हतं. ते म्हणाले होते, "राहू द्या आप्पा, घालतो तसाच," आणि आप्पाजींनीच तो त्यांच्या अंगातून काढून घेतला होता. मग सहा दिवस ते दारात उजेडाला बसून पातं घेऊन तो उसवत होते. कापड दुखवायचं नाही, टाका तेवढा कापायचा. शिवायला चार दिवस लागले होते. दयानंदला ते एका शब्दाने बोलले नाहीत, त्या सहा दिवसांत नाहीत, पुढेही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सतराव्या तुकड्यापाशी, सकाळी साडेनऊला, ऑफिसात माणसं यायला लागलेली असताना, दयानंदला हे सगळं एकदम स्वच्छ आठवलं आणि त्याला लाज वाटली, इतकी की त्याने पडद्याचा उजेड कमी केला. कारण सतराव्या तुकड्यात तो खांदा होता. जोडाक्षर खोडायचं कामच वेगळं काढल्यावर, सुटं चालवून पाहिल्यावर त्याला दिसलं की ओळीच्या शेवटी 'र्‍य' असलं आणि ते खोडलं की पुढची सगळी ओळ बिनबोभाट नाहीशी होते. अकरा हजार ओळींत हे चौदा महिने बसून होतं. हेनिंगने डोळे मिटून ते आत घेतलं असतं तर कुठल्या कुठल्या माणसांच्या ओळी पुसल्या गेल्या असत्या, आणि मागच्या फायलीत नाव कुणाचं, तर दयानंद पिसे. माणूस बरोबर निघाला की त्याचा राग येतो तो चुकीचा निघाल्यापेक्षा जास्त. दयानंदने डेन्मार्कच्या दिशेने एक कडक शिवी हासडली. तो देश कुठल्या दिशेला आहे याची त्याला खात्री नव्हती, म्हणून ती कृष्णमूर्तीच्या टेबलाकडे गेली.

"क्या हुआ?"

"कुछ नहीं," दयानंद म्हणाला, आणि मग, आपलं आपल्यालाच नवल वाटत, म्हणाला, "एक ग़लती मिली. मेरी."

कृष्णमूर्तीने चष्मा कपाळावर चढवला. "दिखा."

पहिला तुकडा त्याने बावीस तारखेला पाठवला. चार ओळी. त्यात देवनागरीचं नावही नव्हतं. ओळीच्या टोकाला गेल्यावर लिहायची जागा दाखवणारी लुकलुकती पट्टी एक घर पुढे सरकायची, ती जागच्या जागी थांबवली, एवढंच. चौदा महिन्यांतलं हे सगळ्यात क्षुल्लक काम, आणि पाठवण्याआधी त्याने ते पाचदा वाचलं, अकरा हजार ओळी एकदाही पुन्हा वाचल्या नव्हत्या. दुपारी उत्तर आलं, 'घेतलं. पुढचं?' दयानंदला हसावं की रडावं कळेना. मग रोज एकेक, कधी दोन. हेनिंग वाचायचा. आता मात्र तो खरोखर वाचायचा, अगदी नको इतकं. ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिलीय. हे नाव काय सांगतं ते मला कळलं नाही. इथे दोन गोष्टी आहेत, वेगळ्या कर. चौथा तुकडा तीनदा परत आला. दयानंद दात ओठ खायचा, दुरुस्त करायचा, पाठवायचा. इतक्या बारकाईने आपलं काम आयुष्यात कुणी बघितलेलं नाही हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो सहाव्या तुकड्याच्या तिसऱ्या खेपेवर वैतागलेला होता, त्यामुळे त्याने त्यावर फार विचार केला नाही.

एकतीस तारखेच्या शनिवारी दुपारी दोन वाजता दार बंद झालं तेव्हा नऊ तुकडे आत गेले होते. दहावा दोन गोष्टी करतो म्हणून सकाळीच परत आला होता. पुढची आवृत्ती दीड वर्षाने. म्हणजे नवी स्लेट जगभर जाईल तेव्हा तिच्यात एकही वेलांटी नसेल, एकही रफार नसेल. पट्टी टोकाला नीट थांबेल. मागच्या फायलीत दयानंद पिसे हे नाव असेल आणि पुढे लिहिलेलं असेल, किरकोळ दुरुस्त्या. हे मनात येऊन त्याला असं वाटलं की कुणीतरी आपल्याला एका बाहीचा कोट घालून फळीवर उभं केलंय. तो तसाच उठला, बस सोडून चालतच निघाला, आणि वाटभर त्याच्या मनात साचायला सुरुवात झाली. हेनिंगचं, कृष्णमूर्तीचं, त्या चौथ्या तुकड्याचं, स्वतःचं. हे आता साचत जाणार हे त्याला ओळखू येत होतं. घरी गेल्यावर ती विचारणार, आपण म्हणणार काही नाही, आणि मग होळीला, नाहीतर पाडव्याला, ताट वाढलेलं असताना, पडद्यांसकट सगळं बाहेर येणार.

गच्चीवर उन्हात गंगम्मा आणि उल्का मोठं पातेलं मधे घेऊन बसल्या होत्या. पावट्याचे दिवस होते, सगळ्या जे. पी. नगरला त्याचा वास. रात्रभर भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालातून सोडवायचे, आणि उल्काने घाईने मूठभर घेऊन दाबले होते, तर निम्म्यांचा लगदा. "ओंदोंदे, अम्मा," गंगम्मा तिला दाखवत होत्या, "निधान. ओंदोंदे." सावकाश, एकेक. त्याला बघून त्या हात पुसत उठल्या, "बन्नी, बन्नी," म्हणजे या, या, म्हणाल्या आणि खाली गेल्या. उल्काने मान वर केली नाही. संक्रांतीपासून ती जरुरीपुरतंच बोलत होती, आणि त्याच्यावर काही लादायचं नाही अशा बेताने. तरी तिने विचारलं, "आज लवकर?"

'काही नाही' ओठांवर आलेलं होतं. दयानंद पातेल्यापाशी खाली बसला. एक दाणा घेतला, दाबला. तो सालातून सुटून सरळ त्याच्या शर्टावर उडाला.

"मला माझं नाव हवं होतं एका ठिकाणी," तो म्हणाला. "चौदा महिने त्यासाठीच चाललं होतं. एकतीस तुकडे होते. आज मुदत संपली. नऊ गेले."

एवढं बोलून तो थांबला. थांबणं त्याला फार जड गेलं. मागे सगळं दाटीवाटीने उभं होतं, हेनिंग, कोट, आप्पाजींचं ते पातं, खरे विश्वासराव. उल्काचे हात पातेल्यात तसेच राहिले. तिने त्याच्याकडे बघितलं, कितीतरी दिवसांनी नीट, आणि मग सालं एका बाजूला सारून त्याच्यासाठी जागा केली.

"आणि दहावा?" तिने विचारलं. "तो कशाचा होता?"

दयानंदने आणखी एक दाणा उचलला, आणि तिला दहाव्याचं सांगायला घेतलं. फक्त दहाव्याचं.